दोन तासांचा घोडा, वर्षभराचा चारा

मागच्या रविवारी एका लग्नाला गेलो होतो. दाट तिथी होती, गावातली सगळी मंगल कार्यालयं फुल्ल. दारात पोचलो तर आत मंगलाष्टका सुरू व्हायच्या बेतात आणि बाहेर भांडण. नवरदेवाचे मामा आणि घोडेवाले चाचा समोरासमोर. मारुतीच्या देवळापर्यंत परण्या नेऊन आणला होता, नवरदेव उतरून आत गेला होता, आता पैशाची वेळ. ठरले होते सात हजार. मामा सहा हजार पुढे करून म्हणत होते, "दोन तासांचे सात हजार? अहो, कलेक्टरला तरी मिळतात का तासाला साडेतीन हजार?"

आजूबाजूचे हसले. खोटं कशाला बोलू, मीही हसलो.

चाचा हसले नाहीत. घोडीच्या तोंडावरची गोंड्याची मोरकी सोडवत शांतपणे म्हणाले, "मामा, नाचते दोन घंटे. पण खाते तर रोज ना."

शेवटी कुणीतरी मध्यस्थी करून साडेसहा हजारावर मिटवलं. मी जेवून घरी आलो, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. पत्रकारितेचा डिप्लोमा करताना आमचे एक सर सांगायचे, की कुठल्याही भावावर बातमी करायची तर आधी त्या भावाच्या मागे जा, तो कुठून आला ते बघा. वीस वर्षं या गावात बातम्या करतोय. कांद्याच्या, कापसाच्या, सोन्याच्या भावावर लिहिलं. घोड्याच्या भावावर कधी लिहिलं नाही. म्हणून ही पोस्ट. जरा लांब आहे, सवडीने वाचा.

दुसऱ्या दिवशी चाचांकडे गेलो. त्यांच्याकडे एक वही आहे, लाल पुठ्ठ्याची. त्यातला एका घोडीचा हिशेब त्यांनी मला उतरवून घेऊ दिला. हरभरा, गव्हाचा कोंडा, थोडा गूळ, कडबा आणि गवत, सगळं मिळून दिवसाला ३०० रुपये. वर्षाचे झाले १,०९,५००. दीड महिन्याला नाल बदलायचे, वर्षात आठ वेळा, एका खेपेला ६००, म्हणजे ४,८००. डॉक्टर, जंताचं औषध, इंजेक्शन वगैरे ८,०००. खोगीर, झूल, मोरकी, घुंगरू यांची दुरुस्ती १०,०००. घोडी घेतली दीड लाखाला, ती दहा वर्षं काम देईल असं धरलं तर वर्षाचे १५,०००. बेरीज करा: १,४७,३००.

आता ती घोडी वर्षात कामाला किती दिवस जाते? लगीनसराईतले ३५ आणि शिवजयंती, गणपती, एखादी यात्रा असे ५. एकूण ४०. म्हणजे रस्त्यावर पाऊल टाकायच्या आधीच एका खेपेवर साधारण ३,६८० रुपये चढलेले असतात. त्यात लगाम धरणारी दोन पोरं, ५०० प्रमाणे १,०००. गावाबाहेरचं काम असलं तर पिकअप, त्याची सरासरी १,२००. झाले ५,८८०.

सात हजारातून उरले १,१२०. वर्षाचे चव्वेचाळीस हजार आठशे. महिन्याला पावणेचार हजाराच्या आत. यात चाचांची स्वतःची पहाटे चारची उठबैस, खरारा, लीद काढणं हे कुठंच धरलेलं नाही.

मामांनी मागितलेली सूट किती होती? हजार रुपये. दिली असती तर चाचांच्या हातात १२० रुपये राहिले असते. पाचशेवर मिटलं, म्हणजे ६२० उरले. आपण ज्याला 'थोडं कमी करा हो' म्हणतो, ते कमी करणं घोडीच्या खाण्यातून होत नाही, कारण ती खाणारच. ते थेट माणसाच्या ताटातून होतं.

मंडळी, हा प्रश्न आजचा नाही. घोडा कामाला चार दिवस लागतो आणि खातो वर्षभर, मग रिकाम्या दिवसांचा खर्च कुणी सोसायचा? महाराष्ट्राच्या इतिहासात या एका प्रश्नाभोवती फौजा उभ्या राहिल्या आहेत.

शिवाजी महाराजांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार होते, हे आपण शाळेत पाठ केलंय. बारगीर आणि शिलेदार. परीक्षेत दोन मार्कांना यायचं. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारचं, शिलेदाराचं स्वतःचं. पाठ करून आपण पुढे गेलो, पण त्या फरकाचा अर्थ पैशाचा होता हे कुणी सांगितलं नाही. बारगिराचा घोडा मेला तर नुकसान राज्याचं. शिलेदाराचा मेला तर त्याची भाकरीच गेली. म्हणून शिलेदाराला पगार जास्त आणि जोखीमही जास्त.

जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून कृष्णाजी अनंत सभासदाने बखर लिहिली, तिच्यात पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी. हेही पाठ असतं आपल्याला. पण त्याच ठिकाणी आणखी एक गोष्ट आहे: दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे पाणी देणारा आणि नाल ठोकणारा. लढणाऱ्यांच्या यादीतच ही दोन माणसं धरलेली. शिवाय पावसाळ्यात फौज छावणीला परत आली की घोड्यांसाठी दाणा, गवत, औषधं, शाकारलेल्या पागा आधीपासून तयार ठेवायच्या आणि दसऱ्यानंतर बाहेर पडायचं. चार महिने घोडा कमवत नव्हता, पण त्याची तरतूद पक्की होती.

महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला त्रास देऊ नका म्हणून आपण ते सांगतो. पण त्या पत्राची सुरुवातीची काळजी घोड्यांच्या वैरणीची आहे. आत्ता दाणा-गवत मोजून वापरलं नाही तर ऐन पावसाळ्यात संपेल, घोडी उपाशी मरतील, आणि मग ती तुम्हीच मारली असं होईल, असा त्याचा आशय. आगीची, गवताच्या गंजीची, अगदी उंदराने दिव्याची वात ओढून नेण्याची काळजीही त्यात आहे. छत्रपती वैरणीचा हिशेब मांडतात, कारण घोड्याचं रिकाम्या दिवसातलं पोट हा राज्याचा विषय होता.

पुढे पेशवाईत शिलेदारांचं प्रस्थ वाढलं. मोठा शिलेदार स्वतःच्या मालकीचे बरेच घोडे ठेवायचा आणि त्यावर आपले बारगीर बसवायचा. म्हणजे घोडा एकाचा, बसणारा दुसरा. मोहिमेच्या आधी स्वारांना तयारीसाठी आगाऊ रक्कम मिळायची, तिला म्हणायचे 'नालबंदी'. शब्द बघा. नाल ठोकायला, घोडा रस्त्यावर आणायला म्हणून दिलेले पैसे. आज चाचा लग्न ठरवताना जो विसार मागतात, तो दुसरं काय आहे? आपण देताना कुरकुरतो, 'आधीच कशाला, पळून चाललो का' म्हणतो. पेशवे दफ्तर कुरकुरत नव्हतं.

इंग्रजांनी हीच शिलेदारी उचलली. सरकारने घोडे पोसायचे म्हणजे खर्च फार, त्यापेक्षा स्वारानेच घोडा आणावा, आपण जरा जास्त पगार द्यावा. हिंदी घोडदळाचे बहुतेक रिसाले या पद्धतीवर चालायचे. भरती होणारा माणूस घोड्याची किंमत भरायचा, त्या जागेला 'असामी' म्हणत. 'बडी असामी' म्हणतो आपण, तोच हा शब्द. ज्याच्याकडे एकापेक्षा जास्त असाम्या, तो त्यावर दुसऱ्यांना बसवायचा आणि पगारातला वाटा ठेवून घ्यायचा. नाव तेच, बारगीर.

आपल्या मराठवाड्याशी याचा जवळचा संबंध आहे. निजामाच्या खर्चाने चालणाऱ्या हैदराबाद कंटिंजंटचे रिसाले याच शिलेदारी पद्धतीचे होते. त्यांच्या छावण्या हिंगोलीला, औरंगाबादला आणि मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला. चाचांचे पणजोबा मोमिनाबादच्या छावणीत नालबंद होते, असं त्यांच्या घरात सांगतात.

या शिलेदारी रिसाल्यांत एक फार शहाणपणाची सोय होती: चंदा फंड. प्रत्येक स्वार दरमहा थोडे पैसे टाकायचा आणि कुणाचा घोडा मेला की त्या पैशातून त्याला नवा मिळायचा. विमा कंपनी नाही, एजंट नाही, सरळ भिशीसारखा हिशेब. ही पद्धत शांततेच्या काळात चालली. पहिलं महायुद्ध आलं आणि मोडली. कंटिंजंटच्याच परंपरेतली २० डेक्कन हॉर्स १४ जुलै १९१६ ला फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत होती. समुद्रापार एवढ्या मोठ्या लढाईत घोडे मरायला लागल्यावर स्वाराच्या खिशातून आणि चंद्यातून ते कुठून भरून निघणार? घोड्यांचा पुरवठा सरकारलाच हातात घ्यावा लागला आणि युद्धानंतर शिलेदारी पद्धत बंद झाली. तीनशे वर्षं फिरून हिशेब परत पागेवर आला.

फौजेतून घोडा गेला तसा तो टांग्यात आला होता. माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल, १९८०-८५ च्या सुमारास आपल्या स्टँडसमोर टांगे उभे असायचे. चाचांच्या वडिलांचाही होता. मामाच्या गावाहून आलो की आई आधी भाव ठरवायची, मग आम्ही मागे पाय सोडून बसायचो. तेव्हाही लग्नात घोडा लागायचा. टांग्याचाच घोडा सोडून आणायचे, धुवायचे, झूल घालायचे आणि नवरदेव बसवायचे. भाडं अगदी किरकोळ. का? कारण घोडा रोज कमवत होता. त्याच्या पोटाचा खर्च रोजच्या सवाऱ्या भरून काढत होत्या. लग्नाचे पैसे म्हणजे वरकड.

मग रिक्षा आल्या. टांगे एकेक करून गेले. मुंबईत तर जून २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने व्हिक्टोरियांची हौसेची सफर बेकायदा ठरवून ती बंद करायला सांगितली. आपल्याकडे कोर्टाची गरजच पडली नाही, सवारीच मिळेना. घोड्याला उरलं काय? लग्न आणि मिरवणूक. जो खर्च पूर्वी ३६५ दिवसांवर पसरत होता, तो सगळा आता ४० दिवसांच्या पाठीवर आला. घोडं पेंड खातं ते इथं. चाचा महाग झाले नाहीत. बाकीचे ३२५ दिवस बेकार झाले.

आकडेही हेच सांगतात. देशात २०१२ च्या पशुगणनेत घोडे आणि तट्टं मिळून सव्वासहा लाखांच्या आसपास होती. २०१९ च्या पशुगणनेत ती ३ लाख ४० हजारांवर आली. सात वर्षांत जवळजवळ निम्मी. सारंगखेड्याला दत्त जयंतीला घोडेबाजार भरतो, आपल्या नांदेडच्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत भरतो. तिथं लाखालाखाच्या घोड्यांचे फोटो छापून येतात, मीही छापलेत. पण त्या झगमगाटातून वर्षभर घोडा पोसणारा माणूस दिसत नाही.

आणि २०२० आठवा. २५ मार्चला देश बंद झाला. मार्च ते जून, म्हणजे ऐन लगीनसराई. मंगल कार्यालयं, केटरर्स, बँडवाले, सगळ्यांच्या अडचणीवर तेव्हा मी बातम्या केल्या. चाचांकडे तेव्हा तीन घोडी होती. जूनपर्यंत एक विकली, दिवाळीपर्यंत दुसरी. आता एकच आहे, परवा मंगल कार्यालयाच्या दारात उभी होती तीच. रिसाल्यातल्या स्वाराला निदान चंदा फंड होता. यांना काय होतं?

कुणी म्हणेल, मग जाऊ द्या ना घोडा. कारमधून जाईल नवरदेव. परवडत नाही तर बंद पडेल, जगाची रीत आहे. हा मुद्दा चुकीचा नाही. रणरणत्या उन्हात डांबरी रस्त्यावर डीजेपुढे जनावर नाचवणं हेही काही कौतुकाचं नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या.

पूर्वी गावात घोडा कुणाच्या दारात असायचा? पाटलाच्या, देशमुखाच्या. घोड्यावर बसणं ही हौस नव्हती, तो मान होता, आणि तो कुणाला मिळायचा नाही हेही ठरलेलं होतं. राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेशातून आजही बातम्या येतात, दलित नवरदेवाला घोड्यावरून उतरवलं, पोलीस बंदोबस्तात वरात काढावी लागली. घोडा ज्याच्या दारात, त्याच्या मर्जीवर मान होता. भाड्याने घोडा मिळायला लागला तेव्हा ही मर्जी गेली. जो पैसे देईल त्याचा घोडा. चाचांच्या वहीत गावातल्या सगळ्या आळ्यांची नावं आहेत, एकाखाली एक, आणि भाव सगळ्यांना एक. ऊसतोड करणाऱ्याचा मुलगा आणि सराफाचा मुलगा एकाच घोडीवर बसून एकाच मारुतीला गेलेत. 'भाडोत्री तट्टू' हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. पण त्या भाडोत्री तट्टूने आपल्या गावात जे केलं, ते दारच्या घोड्याने कधी केलं नाही.

आता माझी स्वतःची एक गोष्ट. ती सांगितल्याशिवाय ही पोस्ट टाकणं खोटेपणाचं होईल.

१९ फेब्रुवारी २०१९. आमच्या मंडळाची शिवजयंतीची मिरवणूक. खजिनदार मी. घोडा ठरवला होता दोन तासांसाठी चार हजाराला. महाराजांच्या वेशातला पोरगा बसवला, मिरवणूक निघाली, चौकाचौकात थांबली, भाषणं झाली, डीजे रंगला. दोन तासांचे साडेपाच तास झाले. घोड्याला मध्ये पाणी पाजायचं आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. चाचांनीच एका हॉटेलातून बादली मागून आणली. रात्री वर्गणी कमी पडली म्हणून मी त्यांच्या हातात तीन हजार ठेवले आणि म्हणालो, "चाचा, हजार उद्या देतो." तो उद्या आला नाही. म्हणजे मीच आणला नाही. आधी विसरलो, मग आठवलं तेव्हा लाज वाटली, मग लाजेपायी टाळलं. पुढच्या वर्षी लॉकडाऊन लागलं, त्यांनी घोडी विकली, आणि माझ्याकडे त्यांचे हजार रुपये तसेच.

ज्या राजाने पंचवीस घोड्यांमागे एक पाणी देणारा नेमला, त्याच्या जयंतीला आम्ही घोड्याला पाणी विसरलो आणि घोडेवाल्याचे पैसे बुडवले. घोषणा मात्र घसा बसेपर्यंत दिल्या.

परवा वही बघत असताना मी मागची पानं उलटायला लागलो. चाचांनी काही विचारलं नाही. फेब्रुवारीच्या पानावर मंडळाचं नाव होतं आणि पुढे, बाकी १०००. खिशातून नोटा काढून दिल्या. सोबत उशिराचे म्हणून आणखी पाचशे पुढे केले, ते त्यांनी परत दिले. पेन घेतलं, त्या ओळीवर रेघ मारली आणि म्हणाले, "बस साहेब, आता हिशेब साफ. चहा घ्या."

वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. माझं तर घोडंही नव्हतं, नुसतं भाडं होतं.

तर मंडळी, तुलसीच्या लग्नानंतर तिथ्या सुरू होतील, मग फेब्रुवारीत शिवजयंती. घोडा लावायचाच असेल तर चार गोष्टी करा. वेळ आधी ठरवा, किती वाजता सुरू आणि किती वाजता संपलं, आणि जास्त थांबवला तर त्याचे वेगळे द्या. पाण्याची बादली तुमची ठेवा. डीजेचा भोंगा जनावराच्या कानाशी लावू नका. आणि पैसे नवरदेव उतरायच्या आधी मोकळे करा. नगरपालिकेतल्या सदस्यांना एक विनंती आहे: जनावरांच्या दवाखान्यामागचा जो हौद कोरडा पडलाय, त्यात पाणी सोडायला फार निधी लागत नाही. गावात आता मोजून पाच-सहा घोडी उरली आहेत. त्यांच्या मालकांनी एकत्र येऊन चंदा फंडासारखं काही सुरू करायचं ठरवलं, तर कागदपत्रं करून द्यायला मी तयार आहे. पहिली वर्गणी माझी, ते परत आलेले पाचशे.

चाचांचा नंबर इथं टाकत नाही. स्टँडच्या मागे, जुन्या टांगा अड्ड्याच्या बोळात विचारा, कुणीही दाखवेल. विसार घेऊन जा.